अर्ध्या सत्याचा संसार

'स्वान लेक', 'स्लीपिंग ब्यूटी' आणि 'नटक्रॅकर' या बॅलेंचा जनक प्योत्र इलिच चायकोव्हस्की याचे वैवाहिक जीवन जेमतेम ८० दिवसांचे. त्या ८० दिवसांची किंमत मात्र दोन माणसांनी आयुष्यभर चुकवली. त्यांपैकी एकाला जगाने अमर केले. दुसरीच्या वाट्याला आली ती केवळ उपेक्षा आणि उपहास.

१८७७ सालच्या १८ जुलै रोजी मॉस्कोतील सेंट जॉर्जच्या चर्चमध्ये एक विवाह अगदी साधेपणाने पार पडला. वर ३७ वर्षांचा, वधू २९ वर्षांची. वऱ्हाडी मंडळी जवळजवळ नव्हतीच. वराच्या बाजूने त्याचा धाकटा भाऊ अनातोली आणि योसिफ कोतेक हा तरुण व्हायोलिनवादक, असे दोघेच साक्षीला होते. वर म्हणजे रशियन संगीताच्या क्षितिजावर तेजाने उगवत असलेला प्योत्र इलिच चायकोव्हस्की. वधूचे नाव अंतोनिना मिल्युकोव्हा. तिच्या दृष्टीने तो दिवस म्हणजे चार वर्षांहून अधिक काळ मनात जपलेल्या स्वप्नाची पूर्तता होती. त्याच्या दृष्टीने तो काय होता, हे तिला त्या दिवशीही ठाऊक नव्हते आणि पुढेही कोणी तिला स्पष्टपणे सांगितले नाही. तिच्यासमोर उभ्या असलेल्या पुरुषाचे मन स्त्रीकडे ओढ घेणारे नव्हते. इतकेच नव्हे, तर साक्षीदार म्हणून शेजारी उभा असलेला कोतेक हा काही महिन्यांपूर्वीच त्याच्या उत्कट प्रेमाचा विषय झालेला होता.

या शोकांतिकेची मुळे शोधायची तर चायकोव्हस्कीच्या बालपणापर्यंत मागे जावे लागते. उरल पर्वताच्या पश्चिमेला वोत्किन्स्क नावाचे लोखंडाच्या कारखान्याभोवती वसलेले गाव आहे. तेथे ७ मे १८४० रोजी त्याचा जन्म झाला. वडील इल्या हे खाण-अभियंता आणि कारखान्याचे प्रमुख. आई अलेक्सांद्रा हिच्या अंगात फ्रेंच रक्ताचा अंश होता. मुलगा विलक्षण हळवा आणि आईवर जीव टाकणारा. दहाव्या वर्षी त्याला सेंट पीटर्सबर्गच्या विधी विद्यालयात घालण्यात आले. ज्या आईचा क्षणभराचा विरह त्याला सोसवत नसे, ती १८५४ मध्ये पटकीच्या साथीत दगावली. ही जखम आयुष्यात कधी भरून आली नाही. पुढे कायद्याचे शिक्षण संपवून तो न्याय खात्यात कारकून झाला. परंतु फायलींत त्याचे मन रमले नाही. १८६२ मध्ये त्याने नव्याने स्थापन झालेल्या पीटर्सबर्गच्या संगीत विद्यालयात प्रवेश घेतला, नोकरी सोडली आणि १८६६ मध्ये निकोलाय रुबिनस्टाईनच्या बोलावण्यावरून तो मॉस्कोच्या संगीत विद्यालयात अध्यापक म्हणून रुजू झाला.

पुढची दहा वर्षे उमेदीची होती. 'रोमिओ अँड ज्युलिएट' ही संगीतरचना आली. १८७५ मध्ये त्याचा पहिला पियानो कॉन्चेर्टो अमेरिकेत, बोस्टन येथे प्रथम सादर झाला. १८७७ च्या मार्चमध्ये मॉस्कोच्या बोल्शॉय रंगभूमीवर 'स्वान लेक'ने पहिले पाऊल टाकले. नाव होत होते, मित्र होते, लौकिक होता. परंतु अंतःकरणाच्या एका कप्प्याला त्याने कुलूप घातलेले होते. विधी विद्यालयाच्या दिवसांपासूनच आपली ओढ पुरुषांकडे आहे हे त्याला उमगले होते. एकदाच, १८६८ मध्ये, देझिरे आर्तो या बेल्जियन गायिकेशी विवाह करण्याचा विचार त्याच्या मनात प्रबळ झाला होता. परंतु पुढच्याच वर्षी तिने एका स्पॅनिश गायकाशी लग्न केले आणि तो अध्याय तेथेच मिटला.

झारच्या रशियात पुरुषांमधील शरीरसंबंध हा फौजदारी गुन्हा होता आणि सायबेरियात हद्दपारीची तरतूद कायद्यात होती. उच्चभ्रू वर्तुळात हा कायदा क्वचितच बजावला जाई हे खरे. पण कायद्याहून कुजबुजीची धार अधिक तीक्ष्ण असते. चायकोव्हस्कीला भय होते ते या कुजबुजीचे. ऐंशी ओलांडलेल्या वडिलांच्या कानावर काही गेले तर, जिवाभावाच्या बहिणीला कोणी काही ऐकवले तर, या विचाराने तो व्याकूळ होई. त्याचा धाकटा भाऊ मोदेस्त हाही समलिंगीच होता आणि त्याच्यापाशीच काय ते मन मोकळे करता येई. १८७६ च्या सप्टेंबरमध्ये त्याने मोदेस्तला आपला निश्चय पत्राने कळवला. आपली प्रवृत्ती हाच आपल्या सुखातील सर्वांत मोठा अडथळा आहे, तिच्याशी झगडायचे आणि जी कोणी मिळेल तिच्याशी विवाह करायचा, असा त्या पत्राचा आशय होता. जी कोणी मिळेल तिच्याशी! या चार शब्दांत पुढच्या साऱ्या अनर्थाचे बीज होते. वधू ठरण्यापूर्वीच विवाह ठरला होता.

अंतोनिना त्याला ओळखत होती ती काही वर्षांपासून. एका परिचितांच्या घरी तिने त्याला प्रथम पाहिले. पुढे काही काळ ती मॉस्कोच्या संगीत विद्यालयात शिकलीही. हुशार, सुसंस्कृत, मृदुभाषी, देखणा आणि कीर्तीच्या पायऱ्या चढणारा हा अविवाहित अध्यापक तिला आपला आदर्श सहचर वाटला यात नवल ते काय! चार वर्षे तिने हे प्रेम मनातच ठेवले आणि १८७७ च्या वसंतात धीर एकवटून त्याला पत्र लिहिले. स्त्रीने आपण होऊन प्रेमाची कबुली द्यावी, हे त्या काळाच्या रीतीला धरून नव्हते.

योगायोग असा, की त्याच सुमारास, मे महिन्यात, गायिका लावरोव्स्काया हिने चायकोव्हस्कीला पुश्किनच्या 'येवगेनी ओनेगिन'वर ऑपेरा रचण्याची कल्पना सुचवली. त्या काव्य-कादंबरीची नायिका तात्याना ओनेगिनला पत्र लिहून आपले प्रेम व्यक्त करते आणि ओनेगिन तिला थंडपणे उपदेश करून परतवून लावतो. चायकोव्हस्की तात्यानाच्या त्या पत्राच्या प्रसंगाने झपाटला गेला होता. कल्पनेतील तात्यानाविषयी त्याचे हृदय द्रवत होते, ओनेगिनचा त्याला संताप येत होता, आणि टेबलावर एका हाडामांसाच्या तरुणीची पत्रे पडलेली होती. आपणही ओनेगिनसारखेच निष्ठुर ठरू या धास्तीने तो जूनच्या आरंभी तिला भेटायला गेला. काही दिवसांतच त्याने विवाहाचा प्रस्ताव मांडला.

या भेटीत तो काय बोलला, ते त्याने पुढे पत्रांतून नमूद केले आहे. आपण तिच्यावर प्रेम करू शकणार नाही, मात्र एक निष्ठावान मित्र म्हणून राहू, असे त्याने सांगितले. आपला चिडखोरपणा, लहरीपणा, एकलकोंडेपणा, आर्थिक ओढाताण हे सारे तिच्यापुढे मांडले. एवढे ऐकूनही तिची तयारी आहे का, असे विचारले. तिने आनंदाने होकार दिला. आपल्या परीने आपण प्रामाणिक राहिलो, असे समाधान त्याला वाटले असावे. पण ज्या एका गोष्टीमुळे बाकीच्या साऱ्या गोष्टींना अर्थ येत होता, तीच त्याने सांगितली नाही. प्रेम नाही, हे तिने ऐकले. प्रेम कधीच का होऊ शकणार नाही, हे तिला कळले नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला आज नाही तर उद्या, सहवासाने, सेवेने ते उमलेल अशी आशा वाटते. ती तिला वाटली. अर्धे सत्य हे कित्येकदा पूर्ण असत्याहून घातक ठरते, ते असे. असत्य उघडकीला येऊ शकते. अर्ध्या सत्याच्या आधारावर मात्र माणूस घर बांधायला घेतो.

विवाहाच्याच दिवशी नवदांपत्य रेल्वेने पीटर्सबर्गला निघाले. गाडी हलली तेव्हा चायकोव्हस्कीला हुंदका आवरणे कठीण झाले होते. तरीही क्लिन स्टेशन येईपर्यंत त्याने पत्नीशी बोलणे चालू ठेवले, कारण त्यानंतर अंधारात आपल्या खुर्चीत एकटे पडून राहण्याचा अधिकार त्याला मिळणार होता. हा तपशील त्यानेच भावाला कळवला आहे. पत्नीच्या निकट सहवासाची त्याला किळस वाटू लागली होती, हेही त्याने भावापासून लपवले नाही. अंतोनिनाने याच दिवसांविषयी पुढे लिहिले, ते मात्र निराळेच आहे. सकाळच्या चहाच्या वेळी ती त्याच्याकडे चोरून पाहत असे आणि तो इतका देखणा माणूस आपला आहे, याचे तिला मनोमन अपार कौतुक वाटत असे. एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसलेली ही दोन माणसे दोन वेगवेगळ्या जगांत वावरत होती.

विवाहाला तीन आठवडे होतात न होतात तोच प्रकृतीचे निमित्त सांगून तो युक्रेनमधील कामेन्का येथे बहिणीच्या घरी निघून गेला. अंतोनिना मागे राहून मॉस्कोतील घर लावत होती. सप्टेंबरच्या अखेरीस तो परतला, पण बारा-तेरा दिवसांतच त्याचा धीर सुटला. याच दिवसांत एका थंडगार रात्री तो मॉस्को नदीच्या पाण्यात कमरेपर्यंत उतरून उभा राहिला, न्यूमोनिया होऊन मरण यावे आणि आत्महत्येचा कलंकही लागू नये अशी त्याची इच्छा होती, असे त्याचा मित्र काश्किन याने पुष्कळ वर्षांनी लिहिले. ही हकिकत कितपत खरी याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. परंतु त्याची मनःस्थिती कोणत्या टोकाला गेली होती, याविषयी मात्र मतभेद नाहीत.

६ ऑक्टोबर १८७७ रोजी तीन दिवसांच्या कामासाठी जातो असे सांगून तो पीटर्सबर्गच्या गाडीत बसला. अंतोनिना त्याला निरोप द्यायला स्टेशनवर गेली होती. तो अस्वस्थ होता, त्याची नजर भिरभिरत होती, हे तिने पाहिले. पण डोक्यावर कोसळू पाहणाऱ्या संकटाची तिला पुसटशीही कल्पना आली नाही. तो परतला नाही. पुढे ती दोघे पती-पत्नी म्हणून एका छताखाली कधीच राहिली नाहीत. संसार मोडल्याची वार्ता तिला पतीच्या तोंडून नव्हे, तर रुबिनस्टाईन आणि अनातोली या दोघांकडून कळली. ती ऐकताना तिने शांतपणे पाहुण्यांना चहा दिला, असे सांगतात. पुढे हा शांतपणा तिच्या मंदबुद्धीचा पुरावा म्हणून वारंवार सांगितला गेला. वज्राघात झालेला माणूस पुष्कळदा असाच नेहमीची कामे करीत राहतो, हे त्या सांगणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

चायकोव्हस्की मात्र सावरला. त्याला सावरणारे हात होते. अनातोली त्याला घेऊन स्वित्झर्लंड आणि इटलीला गेला. नादेझ्दा फॉन मेक ही रेल्वेच्या व्यवसायात गडगंज झालेल्या उद्योजकाची विधवा त्याच्या संगीतावर लुब्ध होती. तिने त्याला वर्षाला ६,००० रूबल देण्यास सुरुवात केली. अट एकच, की दोघांनी प्रत्यक्ष भेटायचे नाही. हा पत्रव्यवहार सुमारे १४ वर्षे चालला. एकमेकांना १,२०० हून अधिक पत्रे लिहिली गेली. १८७९ मध्ये एकदा चुकून गाठ पडली, तेव्हा दोघांनी नुसते अभिवादन केले आणि न बोलताच ती आपापल्या वाटेने गेली. स्त्रीचा सहवास नको, पण तिची माया हवी, या त्याच्या गरजेला नियतीने दिलेले हे अद्भुत उत्तर होते. अंतोनिनाला जे साधले नाही ते फॉन मेकला साधले, कारण तिने पत्रापलीकडे काही मागितलेच नाही.

त्या हिवाळ्यात चौथी सिंफनी आणि 'ओनेगिन' पूर्ण झाले. १८७८ च्या वसंतात जिनिव्हा सरोवराकाठच्या क्लारां येथे, कोतेकच्याच साहाय्याने, व्हायोलिन कॉन्चेर्टो आकाराला आला. त्याआधी फेब्रुवारीत त्याने फ्लॉरेन्सहून अनातोलीला लिहिलेले पत्र त्याच्या चरित्रात फार मोलाचे आहे. निसर्गतः आपण जे आहोत ते नसावे अशी धडपड करण्याइतके व्यर्थ दुसरे काही नाही, हे विवाहाच्या या प्रकारानंतर आपल्याला उमगू लागले आहे, असा त्याचा भाव आहे. हे ज्ञान त्याला झाले आणि त्याच्या संगीताला नवे आयुष्य लाभले. पण या शिक्षणाचे शुल्क एका दुसऱ्याच व्यक्तीने भरले होते.

आता उरला होता कायदेशीर गुंता. ऑर्थोडॉक्स चर्चच्या नियमांनुसार घटस्फोटाला व्यभिचाराचे कारण लागे. तो दोष खोटेपणाने स्वतःवर घ्यायला चायकोव्हस्की तयार होता. अंतोनिनाला मोठी रक्कम देण्याचीही तयारी होती. पण त्या खोट्या खटल्याला तिने साथ दिली नाही. तिची पत्रे कधी विनवणीची, कधी आरोपांची असत आणि प्रत्येक पत्राने त्याच्या पोटात गोळा उठे, कारण आपले गुपित ती उघड करील अशी त्याला सतत धास्ती होती. तिच्या हट्टाला पुढे पुष्कळांनी वेड म्हटले. पण कोणता दोष सिद्ध झाला म्हणून आपण विभक्त व्हायचे, हा तिचा प्रश्न वेडाचा नव्हता. त्याचे खरे उत्तर तिला देण्याची कोणाची तयारी नव्हती, इतकेच.

१८८० च्या दशकात एका वकिलाशी तिचे संबंध जुळले. तीन मुले झाली. तिन्ही अनाथाश्रमात ठेवावी लागली आणि तिन्ही दगावली. आता घटस्फोटाचे खरेखुरे कारण चायकोव्हस्कीच्या हाती आले होते, पण त्याने ते वापरले नाही. तो तिला नियमित पैसे पाठवीत राहिला. विवाह मोडल्यानंतर काही काळ त्याने तिच्याविषयी अत्यंत कठोर शब्द वापरले होते. तरी तिने आपल्याशी लबाडी केली नाही, दोष आपल्याच दुबळेपणाचा आणि अविचाराचा, हेही त्याने पत्रांतून कबूल केले होते. ही कबुली तिच्यापर्यंत पोहोचायला हवी होती.

कीर्ती वाढत गेली. १८८८ मध्ये झारने त्याला वर्षासन दिले, १८९१ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलच्या उद्घाटन सोहळ्यात त्याने स्वतः वाद्यवृंदाचे संचालन केले, १८९३ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने सन्माननीय डॉक्टरेट दिली. २८ ऑक्टोबर १८९३ रोजी सहावी सिंफनी प्रथम वाजली आणि त्यानंतर नऊच दिवसांनी, ६ नोव्हेंबरला, पटकीनेच त्याचा अंत झाला. आईला नेणाऱ्या रोगानेच मुलालाही नेले. त्याच्या आत्महत्येच्या कथा पुढे रचल्या गेल्या, परंतु त्यांना भक्कम पुरावा मिळालेला नाही. लाखोंच्या उपस्थितीत नसली तरी राजाच्या खर्चाने, राजधानीला साजेल अशा इतमामाने त्याची अंत्ययात्रा निघाली.

दुसऱ्याच वर्षी अंतोनिनाच्या आठवणी पीटर्सबर्गच्या एका वृत्तपत्रात छापून आल्या. सूड घ्यायचा तर याहून चांगली संधी नव्हती. त्या आठवणींत सूडाचा लवलेश नाही. भोवतालच्या माणसांनी आपल्याला विलग केले, अशी तिची समजूत होती आणि पतीविषयी तिच्या मनात कौतुकच शिल्लक होते. १८९६ मध्ये तिला मनोरुग्णालयात दाखल करण्यात आले. आयुष्याची उरलेली बहुतेक वर्षे तिने अशाच भिंतींआड काढली आणि १९१७ च्या आरंभी, रशियन क्रांतीच्या उंबरठ्यावर, तिने जगाचा निरोप घेतला. पुढच्या चरित्रकारांनी १८९६ चे वेड मागे खेचून १८७७ च्या नववधूला चिकटवले. मोदेस्तने लिहिलेल्या चरित्रात खरे कारण सांगितले गेले नाही. सोव्हिएत काळात पत्रांतील तेवढाच मजकूर गाळला जाई. कारण लपवले की दोषी शोधावा लागतो. तो दोषी घरातच सापडला. पत्रांचे मूळ पाठ अलीकडच्या काही दशकांत उजेडात आले, तेव्हा कुठे अंतोनिनाकडे सहानुभूतीने पाहिले जाऊ लागले. २०२२ मध्ये रशियन दिग्दर्शक किरिल सेरेब्रेनिकोव्ह याने तिच्यावर काढलेला चित्रपट कान महोत्सवात दाखवला गेला.

मग या कथेत अपराधी कोण? चायकोव्हस्कीला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. ज्या समाजाने त्याला सत्य सांगण्याची मुभा दिली नाही, त्याच समाजाने विवाह हा त्यावरचा उपाय म्हणून त्याच्या हाती दिला. तरीही त्याचे दुःख खरे होते म्हणून तिचे दुःख खोटे ठरत नाही. तिला प्रेम नाकारले गेले, एवढाच तिच्यावरचा अन्याय नव्हता. प्रेम नाकारण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. ज्या माहितीच्या आधारे तिला स्वतःचा निर्णय घेता आला असता, ती माहितीच तिला नाकारली गेली. आपल्यात काय उणे होते, हा प्रश्न ती जन्मभर वागवत राहिली असेल. तिच्यात काहीच उणे नव्हते, हे एक वाक्य तिला कोणी सांगितले नाही.

ही गोष्ट दीडशे वर्षांपूर्वीच्या रशियातील म्हणून बाजूला सारता येण्याजोगी नाही. भारतात सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले. कायद्याचे भय गेले; पण लग्न लावून दिले की मुलगा ताळ्यावर येईल, हे वाक्य आपल्या माजघरातून अजून हद्दपार झालेले नाही. ते उच्चारताना घरच्यांच्या डोळ्यांसमोर केवळ आपला मुलगा असतो. मांडवात त्याच्या शेजारी उभी राहणारी मुलगीही कोणाची तरी लेक आहे, तिचीही काही स्वप्ने आहेत, याचा विचार क्वचितच होतो.

चायकोव्हस्कीने आयुष्याची अखेरची वर्षे ज्या गावी काढली, ते गाव क्लिन. विवाहाच्या रात्री याच स्टेशनपर्यंत त्याने पत्नीशी कसेबसे बोलणे चालू ठेवले होते. तेथील त्याचे घर आज स्मारक म्हणून जतन केलेले आहे. रसिक तेथे जातात, पियानोपुढे नतमस्तक होतात. अंतोनिनाचे असे घर कोठेच नाही. 'ओनेगिन'मधील तात्यानाच्या पत्राचे स्वर ऐकताना, त्याच उन्हाळ्यात खरोखरचे पत्र लिहिणाऱ्या त्या स्त्रीची क्षणभर आठवण ठेवली, तर तिच्या वाट्याला थोडा तरी न्याय येईल.